जांघेतील गाठ आणि निदानाचा विवेक

मुलाच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागावी, जखम चिघळावी आणि दोन-तीन दिवसांनी त्याने जांघेत दुखते म्हणून लंगडत घरी यावे, हा अनुभव महाराष्ट्रातील घरांना नवा नाही. अशा वेळी घरातील आजी जांघेकडे फारसे पाहात नाही. ती म्हणते, “पाय दाखव बघू.” जखम सापडली की ‘अवधाण आले आहे’ असे ती सांगते, आणि उपचार करते तो पायाच्या जखमेवर. जांघेतील गाठ मग आपोआप ओसरते. आजीने शरीरशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नसतो. परंतु गाठ एका जागी आणि तिचे कारण दुसऱ्या जागी असू शकते, हे तिला पक्के ठाऊक असते. सुशिक्षित वैद्यकास हे तत्त्व अर्थातच माहीत आहे. तथापि दवाखान्याच्या गर्दीत त्याचा विसर पडतो, आणि जांघेतील प्रत्येक फुगवट्याला ‘हर्निया’ किंवा ‘साधी गाठ’ असे नाव देऊन विचार तेथेच थांबविला जातो. हे असे का होते व त्याची किंमत कोण देतो, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

या विचारास कोलकाता शहर, आणि त्यातही दक्षिणेकडील बालीगंज हा भाग, फार सोयीचा आहे. बालीगंजच्या रेल्वे स्थानकावर पहाटेच्या गाड्यांनी कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूरच्या बाजूच्या गावांतून घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे थवेच्या थवे उतरतात. तेथून थोड्याच अंतरावर मोठमोठे बंगले आणि बहुमजली घरे आहेत. बालीगंज सर्क्युलर मार्गावर, तारकनाथ पालित यांनी दिलेल्या जागेत, कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे आहे. भाताच्या खाचरात अनवाणी राबणारा, दमट चाळीत राहणारा, आणि हृदयाची तपासणी करवून घेऊ शकणारा सधन वृद्ध, असे सर्व प्रकारचे लोक येथे एकाच रस्त्याने जातात. बंगाली भाषेत जांघेला ‘कुँचकी’ म्हणतात, आणि ते नाव उच्चारताना तेथील माणूस मराठी माणसाइतकाच संकोचतो.

आता अशा वस्तीतील एखाद्या दवाखान्याची कल्पना करावी. एकाच सकाळी पाचसहा माणसे जांघेत गाठ घेऊन येतात. तक्रार एक, जागा एक. आणि तरीही कदाचित कोणत्याही दोघांचा रोग एक नाही.

हे समजून घेण्यासाठी त्या जागेची रचना थोडी पाहिली पाहिजे. जांघ म्हणजे पोट आणि मांडी यांच्यामधील घडी. आयुर्वेदात तिला वंक्षण म्हणतात. कमरेच्या हाडापासून पुढील जघनास्थीपर्यंत तेथे एक घट्ट बंध ताणलेला असतो. त्याच्या वरच्या अंगाला पोटाच्या भिंतीतून जाणारा, प्रौढ माणसात सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा एक तिरपा बोळ असतो. पुरुषाचे वृषण जन्मापूर्वी पोटात तयार होते आणि याच वाटेने खाली उतरते. ती वाट पुरती न मिटल्यास पुढे आतडे तीतून बाहेर डोकावते. यालाच मराठीत अंतर्गळ हे नाव आहे. बंधाच्या खालून मांडीची मोठी रोहिणी, नीला आणि मज्जातंतू जातात. त्यांच्या भोवती लसीका ग्रंथींचा समूह असतो. पाय, ढुंगण, बाह्य जननेंद्रिये, गुदद्वाराचा खालचा भाग आणि बेंबीखालील पोटाची त्वचा, एवढ्या मोठ्या प्रदेशातील लसीका येथे गोळा होते. मात्र वृषणाची लसीका येथे येत नाही. वृषण मूळचे पोटातील असल्यामुळे त्याची लसीका पोटातच खोल, कण्याच्या पुढे असलेल्या ग्रंथींकडे जाते. म्हणून वृषणाचा कर्करोग सामान्यतः जांघेत न दिसता पोटात पसरतो. शरीर आपला पूर्वेतिहास विसरत नाही तो असा.

थोडक्यात, जांघ हे एका घराचे अंगण नसून अनेक रस्त्यांचे नाके आहे. तेथे अडलेला प्रवासी कोठून आला हे त्याच्याकडे नुसते पाहून कळणार नाही.

पहिला रुग्ण पंचविशीतील मजूर धरावा. गाठ मऊ आहे, दुखत नाही, लाल नाही, तापलेली नाही. पुवाची गाठ म्हटली तर ती तापावयास हवी. म्हणून ती अंतर्गळ किंवा चरबीची गाठ समजली जाते. परंतु त्याला जमिनीवर पडलेले नाणे उचलावयास सांगितले तर तो कमरेत न वाकता गुडघ्यात वाकतो आणि पाठ ताठ ठेवून खाली बसतो. रोग जांघेत नाही. तो कमरेच्या मणक्यात आहे. मणक्याच्या क्षयामुळे झालेला पू कण्यालगतच्या लांब स्नायूच्या आवरणाआडून हळूहळू खाली घसरतो आणि जांघेत येऊन वर येतो. त्यात दाहाची धग नसते, म्हणून त्यास शीतविद्रधी म्हणतात. अशी गाठ केवळ गळू समजून चिरली तर जखम महिनोन्‌महिने वाहात राहते आणि मणका मात्र आतल्या आत झिजत जातो. पुढे पाय लुळे पडण्याचाही संभव असतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. तेव्हा ग्रंथांत ‘विरळा’ म्हणून नोंदलेले हे कारण आपल्या देशात तितकेसे विरळा मानता येत नाही. परदेशी पाठ्यपुस्तकातील ‘विरळा’ हा शब्द आपल्याकडे जसाच्या तसा उचलणे ही एक निराळीच चूक आहे.

दुसरा रुग्ण दक्षिणेकडील खेड्यातून आलेला. त्याच्या जांघेतील गाठी पिठाच्या गोळ्यासारख्या मऊ आहेत. अधूनमधून थंडी वाजून ताप येतो आणि पाय जड होतो. ही कथा कलकत्त्यास फार जुनी आहे. १८७२ मध्ये याच शहरात टिमथी रिचर्ड्स लुईस यांनी माणसाच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिले प्रथम पाहिली. दोन वर्षांपूर्वी दुधाळ लघवीत ती त्यांना आढळली होतीच. पुढे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये डासाचा या रोगाशी असलेला संबंध दाखविला, आणि ही पिले प्रामुख्याने रात्री रक्तात फिरतात हेही सिद्ध केले. याचा अर्थ असा की दिवसा दहा वाजता घेतलेल्या रक्तात काहीच सापडणार नाही, आणि प्रयोगशाळेचा अहवाल ‘रोग नाही’ असे सांगेल! अहवाल खोटा नसतो. प्रश्न चुकीच्या वेळी विचारलेला असतो. आता रक्तातील कृमींचे द्रव्य ओळखणारी चाचणी दिवसाही करता येते, आणि सोनोग्राफीत जिवंत कृमींची वळवळ लसीकावाहिन्यांत दिसू शकते. परंतु रोगाची शंकाच आली नाही तर यांपैकी काहीही मागविले जाणार नाही. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील वाचकांस हा रोग परका वाटणार नाही. आपल्या प्राचीन वैद्यांनीही तो जाणला होता. श्लीपदाची सूज तापासह प्रथम वंक्षणात येते आणि मग क्रमाने पायाकडे उतरते, असे वर्णन माधवनिदानात आहे. सूज जेथे प्रथम दिसते ते स्थान त्या ग्रंथकाराने किती अचूक टिपले आहे!

तिसरा रुग्ण म्हणजे एक सधन वृद्ध गृहस्थ. गेल्याच आठवड्यात त्यांच्या हृदयाची तपासणी झाली, आणि त्यासाठी जांघेतील रोहिणीतून बारीक नळी घातली होती. आता तेथे गाठ आली आहे. हातास ती ठेके देते. इतकेच नव्हे, तर प्रत्येक ठोक्यास चहूबाजूंनी फुगते. हे रोहिणीच्या भिंतीतील छिद्रातून साठलेले रक्त होय. गळू समजून तीवर चाकू ठेवला तर काय होईल हे सांगावयास नको. जांघेतील कोणतीही गाठ चिरण्यापूर्वी तिच्यावर बोटे ठेवून क्षणभर थांबावे, हा जुन्या शस्त्रवैद्यांचा दंडक त्यासाठीच होता. हृदयतपासणीच्या सोयी वाढल्या तसे गाठीचे हे कारणही वाढले. नवे उपचार आपल्याबरोबर नवी कारणेही आणतात, आणि जुन्या याद्यांत ती सापडत नाहीत.

उभे राहिल्यावर दिसणारी आणि निजल्यावर नाहीशी होणारी निळसर गाठ पुष्कळदा फुगलेल्या नीलेची असते, आणि तिला अंतर्गळ समजण्याची चूक अनुभवी हातांकडूनही होते. खाली न उतरलेले वृषण जांघेतच राहून गाठीसारखे लागते. वृषणकोश तपासला तर एका क्षणात उलगडा होतो. तळपायावर किंवा नखाखाली काळसर डाग असावा, तो शाईचा किंवा काट्याचा समजून दुर्लक्षिला जावा, आणि त्या कर्करोगाची पहिली जाहीर खूण जांघेत उमटावी, असेही घडते. येथेही आजीचाच प्रश्न उपयोगी पडतो. पायातील चप्पल काढावयास सांगण्यास किती वेळ लागतो?

अंतर्गळ ठरला म्हणून तरी सर्व शंका मिटतात असे नाही. त्याच्या पिशवीत काय आहे हा प्रश्न उरतोच. लंडनमधील सेंट जॉर्ज रुग्णालयात ६ डिसेंबर १७३५ रोजी क्लॉडियस अम्यांड या शस्त्रवैद्याने अकरा वर्षांच्या एका मुलाचा अंतर्गळ उघडला. आत आतड्याऐवजी आंत्रपुच्छ निघाले, आणि त्या आंत्रपुच्छात एक टाचणी रुतलेली होती. गुंगीच्या औषधाचा तो काळ नव्हे. तरी मुलगा वाचला. आंत्रपुच्छ काढण्याची ही पहिली यशस्वी नोंदलेली शस्त्रक्रिया जांघेच्या वाटेने झाली, ही वैद्यकेतिहासातील एक गंमतच म्हणावी लागेल. त्यापूर्वी चार वर्षे पॅरिसमध्ये रने द गारांझो यांनी मांडीच्या अंतर्गळात आंत्रपुच्छ पाहिले होते. आजही शस्त्रक्रियेच्या मेजावरच हा उलगडा होतो, असे प्रसंग येतात.

मांडीचा हा अंतर्गळ बंधाच्या खाली असतो, आकाराने बहुधा सुपारीएवढा, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. त्यात अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा लवकर तुटतो. परंतु वृद्ध स्त्री तक्रार करते ती पोटदुखीची आणि ओकारीची; गाठीविषयी ती बोलत नाही. लुगड्याच्या निऱ्यांआड राहिलेली ती सुपारी कोणी पाहिलीच नाही म्हणून पोटाची औषधे चालू राहतात आणि आतडे कुजते. जांघेतील गाठीच्या सर्व प्रकारांत संकोचाची इतकी जबर किंमत क्वचितच दुसरीकडे द्यावी लागत असेल.

या संकोचाला आपल्या इतिहासातही एक कारण आहे. प्लेगच्या गाठीला इंग्रजीत जे नाव आहे ते जांघ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. पिसू बहुधा पायास चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तापाच्या रुग्णांच्या गाठी पाहून हा प्लेग आहे असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिंप्सन यांनी तेथेही प्लेग असल्याचे प्रतिपादन केले; परंतु इतर वैद्यकतज्ज्ञांस ते पटले नाही, आणि वाद माजला. जांघेत गाठी आणणारे इतर रोग त्या बंदरशहरात पुष्कळ होते. कलकत्ता मेडिकल कॉलेजच्या केनेथ मॅक्‌लिऑड यांनी १८८२ मध्ये वर्णिलेला, लैंगिक संसर्गाने होणारा एक व्रणरोग त्यांपैकीच. त्यात जांघेत दिसणारी गाठ ग्रंथीची नसून त्वचेखालील ऊतकाची असते. एका गाठीला कोणते नाव द्यावयाचे यावर बंदराचा व्यापार, जहाजांची अटकाव-मुदत आणि हजारो लोकांचे स्थलांतर अवलंबून होते. कलकत्त्यात प्लेग अधिकृतपणे जाहीर झाला तो १८९८ च्या एप्रिलमध्ये.

इकडे पुण्यात १८९७ साली जे घडले ते मराठी वाचकांस ठाऊक आहे. गाठी शोधण्यासाठी गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या झाल्या, स्त्रियांच्या तपासणीविषयी संतप्त तक्रारी झाल्या, आणि २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. रोग खरा होता, आणि तपासणीची गरजही खरी होती. पण तपासणीची रीत अशी होती की गाठ असलेला माणूस ती लपवू लागला. मानखंडना करून मिळविलेले निदान फार काळ मिळत राहात नाही. उलट १८९९ मध्ये कलकत्त्याच्या वस्त्यांत भगिनी निवेदिता आणि त्यांचे सहकारी हाती झाडू घेऊन शिरले तेव्हा लोकांनी दारे उघडली.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की ही सारी कारणे अपवादात्मक आहेत; शंभरांतील बहुतेक गाठी अंतर्गळाच्या किंवा सुजलेल्या ग्रंथींच्याच असतात, मग प्रत्येकास घाबरवून महागड्या तपासण्यांकडे का लोटावे? आक्षेपात तथ्य आहे. अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या जांघेत वाटाण्याएवढ्या, न दुखणाऱ्या ग्रंथी वर्षानुवर्षे असतात, आणि त्या काढण्याचे काहीच कारण नसते. प्रत्येक गाठीत कर्करोग पाहणारा वैद्य हा प्रत्येक गाठीत अंतर्गळ पाहणाऱ्या वैद्याइतकाच त्रासदायक होय. परंतु वर सांगितलेल्या उदाहरणांत खर्चाची गोष्ट किती आहे? नाणे उचलावयास सांगणे, चप्पल काढावयास लावणे, बोटे ठेवून ठोका पाहणे, निजवून व उभे करून पाहणे, यांस पैसा लागत नाही. सोनोग्राफी, सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही साधने अमूल्य आहेत. पण कोठे सुई घालावयाची आणि कोठे घालावयाची नाही, हे सुईला कळत नाही. साधे नाव प्रथम मनात यावे यात दोष नाही. त्या नावाने आपली जागा प्रश्नोत्तरांनी कमवावी, एवढेच मागणे आहे. दोन-तीन आठवड्यांत गाठ ओसरली नाही, वाढत गेली, किंवा घट्ट व जखडलेली झाली, तर आधीचे नाव निःसंकोचपणे मागे घेतले गेले पाहिजे.

मग कमतरता कशाची आहे? ती आहे वेळेची आणि पडद्याची. अनेक सार्वजनिक बाह्यरुग्ण विभागांत एका मेजाभोवती चारपाच रुग्ण एकाच वेळी उभे असतात. अशा ठिकाणी ‘जांघेत काही आहे का?’ हा प्रश्न वैद्य विचारू शकत नाही, आणि विचारलाच तर स्त्री ‘नाही’ म्हणते. नव्या यंत्रासाठी निधी जमविणाऱ्या संस्थांनी प्रथम एक आडोसा, एक बाक आणि एक परिचारिका यांची व्यवस्था करावी. यंत्राच्या उद्‌घाटनाचे छायाचित्र छापून येते आणि पडद्याचे येत नाही, हे खरे. शाळांतील शरीरविज्ञानाच्या पाठांतही हृदय, फुप्फुसे, जठर यांची चित्रे असतात. पण जांघ वगळली जाते, जणू शरीर कमरेशी संपून गुडघ्याशी पुन्हा सुरू होते. तेथे लसीका ग्रंथी असतात व त्या का सुजतात, एवढे चार ओळींत सांगितले तरी पुष्कळ मुले आपली गाठ लपविणार नाहीत.

बालीगंजच्या त्या कल्पित दवाखान्यात शेवटची रुग्ण अजून बसलेली आहे. पहाटेच्या कॅनिंग गाडीने आलेली, तिशीतील, दोन घरची भांडी घासून आलेली. उजव्या जांघेत बोराएवढी घट्ट गाठ. दुसऱ्या ठिकाणी ती ‘साधी’ ठरली आहे. कधी फार दुखते, कधी मुळीच दुखत नाही, आणि म्हणून तिच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पडदा ओढलेला आहे. तिला विचारले जाते की दुखणे महिन्याच्या कोणत्या दिवसांत वाढते. ती प्रथम खाली पाहते, मग बोटांवर मोजते, आणि मोजता मोजता थांबते. गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखे ऊतक क्वचित जांघेत रुजते. मासिक पाळीबरोबर तेही सुजते व दुखते. निदान पक्के व्हावयाचे ते पुढील तपासणीने, आणि गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. आज तिच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले जाते की पुढील दोन महिने दुखण्याच्या तारखा लिहून आणाव्यात. लिहिता येत नसल्यास घरच्या कॅलेंडरवर रेघ ओढली तरी चालेल.